गोलकिपर व्हायचंय? गोव्यातले पालक आणि पोरं नेहमी विचारतात ते प्रश्न

मी जीएफएच्या (गोवा फुटबॉल असोसिएशन) लीगमध्ये बरीच वर्षं पोस्टमध्ये उभा राहिलोय आणि आता पोरांना किपिंग शिकवतो. सासष्टीत किंवा बार्देशात घरातलाच कोणीतरी काका-मामा क्लबला खेळलेला असतो, त्यामुळे तिथल्या पोरांना निम्म्या गोष्टी जेवताना कानावर पडतात. डिचोली, सत्तरी, फोंडा, पेडणे या बाजूला तसं नाहीये, तिथे अजून क्रिकेटचा जोर जास्त आणि फुटबॉलवालं घर कमी, मग व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येत राहतात. म्हणून सगळी उत्तरं एकाच जागी टाकतोय. क्रम काही नाही, जसे आठवले तसे.

किपर म्हणून खरंच करियर होतं का, की नुसता शौक?

होतं. ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर घ्या, आयुष्याची मोठी वर्षं साळगावकर क्लबला, भारताचे कॅप्टन, १९९७ चा अर्जुन पुरस्कार, २०२२ ला पद्मश्री. गोव्याने १९८२-८३ ला बंगालसोबत संयुक्त आणि १९८३-८४ ला एकट्याने संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या टीमची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकली त्या काळातला हा माणूस, आणि आजही जुन्या लोकांसमोर किपरचं नाव काढलं की पहिलं तोंडातून हेच येतं.

पण गणित समजून घ्या. टीममध्ये पंचवीस-तीस जण असतात, त्यात किपर तीन, कधी चार, आणि मैदानात उतरणार एक. स्ट्रायकरला जागा नाही मिळाली तर कोच त्याला विंगला टाकतो, मिडफिल्डरला राइट बॅक करतो, किपरला कुठे टाकणार? शिवाय बाकीचे साठाव्या मिनिटाला बदली म्हणून येतात, किपर दुखापत झाली किंवा रेड कार्ड मिळालं तरच बदलतो. पोराचं टॅलेंट किती याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा की त्याच्या पुढे रांगेत किती जण उभे आहेत. खाली बऱ्याच उत्तरांत हाच मुद्दा परत येईल, कंटाळा आला तरी वाचा.

कितव्या वर्षी सुरू करावं?

आठ-दहाव्या वर्षी ग्लव्हज घालून उभं केलं तर चालेल, पण बारा-तेरा वर्षांपर्यंत त्याला फक्त किपर ठेवू नका हो. बाहेर खेळू दे, गोल मारू दे, पाय तयार होऊ दे. अमरिंदर सिंगने सुरुवात स्ट्रायकर म्हणून केली होती, नंतर तो किपर झाला आणि २०२१ मध्ये मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर मुंबई सिटीने आयएसएलची (इंडियन सुपर लीग) ट्रॉफी उचलली तेव्हा कॅप्टन तोच होता. पंधरा-सोळाव्या वर्षी किपर झालेली पोरंही वर जातात, फक्त त्यांची हाताची टेक्निक मागे असते ती भरून काढायला दोन-तीन वर्षं जातात.

आणि कृपा करून जाड पोराला किंवा जो पळत नाही त्याला किपर करायची शाळेतली सवय आता सोडा. किपरला पहिल्या दोन पावलांचा स्पीड सगळ्यात जास्त लागतो.

उंची किती पाहिजे? मुलगा पाच फूट सातच आहे

वय काय त्यावर आहे. चौदाव्या वर्षी पाच सात असेल तर काळजी कसली? एकोणिसाव्या वर्षी पाच सात असेल तर खरं सांगतो, वरच्या लेव्हलला अवघड जाईल. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो, तो कोणासाठी लहान होत नाही, आणि हल्ली कॉर्नरला सहा-सहा जण किपरच्या अंगावर येऊन उभे राहतात. आयएसएलच्या ट्रायलला पहिल्यांदा उंचीच बघतात, मग बाकी. गुरप्रीत सिंग संधू साडेसहा फुटाच्या आसपास आहे.

अपवाद आहेत. मेक्सिकोचा होर्गे कांपोस पाच सात-आठचा होता आणि वर्ल्ड कप खेळला, वर स्वतःच डिझाइन केलेल्या झगमगीत जर्सी घालायचा. पण असा एक सापडतो म्हणून त्याच्यावर प्लॅन करता येत नाही. उंची कमी असेल तर उडी, पोझिशन आणि बाहेर येण्याचं टायमिंग या तीन गोष्टी दुप्पट चांगल्या पाहिजेत. दोरीला लोंबकळून उंची वाढत नाही, हे दर आठवड्याला कोणीतरी विचारतं म्हणून लिहिलं.

गोव्यात सुरुवात कुठून करायची? रस्ता कसा असतो?

पहिला टप्पा शाळा. क्रीडा खात्याच्या आंतरशालेय स्पर्धा, त्यातून सुब्रोतो कप या शाळांच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी टीम. त्यासोबत जवळच्या क्लबच्या वयोगटातल्या टीममध्ये नाव घाला, कारण जीएफएमध्ये रजिस्ट्रेशन क्लबमार्फत होतं आणि एआयएफएफच्या (भारताचा फुटबॉल महासंघ) सिस्टममध्ये पोराचा आयडी तयार होतो. हा आयडी आयुष्यभर चालतो. कधी, कुठल्या क्लबला, कितव्या वर्षी खेळला याची नोंद राहते आणि पुढे पोरगा मोठ्या क्लबला गेला तर ज्या क्लबांनी त्याला बाराव्या वर्षापासून घडवलं त्यांना फिफाच्या नियमाने पैसे मिळू शकतात. म्हणून लहान क्लबसुद्धा कागद नीट ठेवायला लागलेत.

मग अंडर-२० ला ताका गोवा ही स्पर्धा, तिथे बऱ्याच क्लबचे लोक बघायला येतात. सीनियरमध्ये थर्ड डिव्हिजन, सेकंड, फर्स्ट आणि वर गोवा प्रोफेशनल लीग. त्याच्या वर देशातली दुसऱ्या पायरीची लीग, जी बरीच वर्षं आय-लीग म्हणून ओळखली गेली आणि जिथे २०२४-२५ ला आपल्याकडचे चर्चिल ब्रदर्स आणि परत आलेला धेंपो खेळले, आणि सगळ्यात वर आयएसएलमध्ये एफसी गोवा. अकादमी म्हणाल तर सेझा जुनी, १९९९ पासूनची, एफसी गोवाची स्वतःची युथ टीम आहे, धेंपो आणि साळगावकरसुद्धा वयोगटात मेहनत घेतात.

डिचोली-सत्तरीच्या पोरांची खरी अडचण अंतराची. प्रॅक्टिस संध्याकाळी, परतीची बस मिळत नाही, बाबा दुकान बंद करून आणायला जाणार कसे. मी बघितलेल्या चांगल्या किपरांपैकी जास्त पोरं टॅलेंट कमी म्हणून नाही सुटली, वाहतुकीपायी सुटली. दोन-तीन घरं मिळून एक गाडी ठरवा, हे कुठल्याही महागड्या ग्लव्हजपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

क्लब निवडताना किपरच्या पालकांनी काय विचारावं?

तीनच प्रश्न. एक, वेगळा गोलकिपर कोच आहे का, आणि तो रोज येतो की शनिवारीच. दोन, या वयोगटात अजून किती किपर आहेत आणि त्यातले किती पुढच्या वर्षी वर जाणार. तीन, दुसऱ्या नंबरच्या किपरला मॅच कुठे मिळतात.

तिसऱ्याचं उत्तर द्यायला अडखळले तर समजा. मोठ्या क्लबचा ट्रॅकसूट घालून पोरगा वर्षभर नेटमागे बॉल आणायला जातोय आणि घरच्यांना वाटतं प्रगती चाललीय, असं खूप होतं. त्याच्यापेक्षा फर्स्ट डिव्हिजनच्या साध्या क्लबला अख्खा सीझन खेळलेला बरा. किपर प्रॅक्टिसमध्ये टेक्निक शिकतो, पण क्रॉसला (बाजूने आत येणाऱ्या उंच बॉलला) जायचं की लाइनवर थांबायचं हे मॅचमध्येच शिकतो, कारण प्रॅक्टिसला कोणी मुद्दाम कोपर मारत नाही आणि मागून शंभर माणसं शिव्या घालत नाहीत.

बेंचवर बसून बसून पोरगा कंटाळलाय. सोडून द्यावं का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, त्यामुळे लांब लिहितो.

बेंच हा किपरच्या नोकरीचाच भाग आहे हे आधी डोक्यात घाला. एमिलियानो मार्टिनेझ २०१० मध्ये आर्सेनलला गेला, तेव्हा सतरा वर्षांचा होता, आणि पुढची दहा वर्षं तो ऑक्सफर्ड, शेफील्ड वेन्सडे, रॉदरहॅम, वुल्व्ज, खेटाफे, रेडिंग असा लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबांना उसना, हिंडत राहिला. २०२० मध्ये पहिला किपर जखमी झाला, हा उतरला, एफए कप जिंकला, त्याच वर्षी ॲस्टन व्हिलाला गेला आणि २०२२ च्या वर्ल्ड कपला गोल्डन ग्लव्ह घेऊन आला. आता यातली नीट बघायची गोष्ट कोणती? लोक म्हणतात दहा वर्षं धीर धरला. बरोबर, पण तो नुसता बसला नव्हता, तो लोनवर जाऊन खेळत होता.

आपल्याकडचं बघा. धीरज सिंग, २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये भारताचा किपर, सगळ्या देशाने नाव घेतलं. नंतर कोलकात्याला बेंचवर अडकला. २०२१ च्या जानेवारीत एफसी गोवाला आला आणि त्याच एप्रिलमध्ये फातोर्ड्याला एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये (आशियातल्या क्लबांची स्पर्धा) अल रय्यानसमोर ०-० राखला, भारतीय क्लबचा त्या स्पर्धेतला पहिला पॉइंट. क्लब बदलला नसता तर ती मॅच त्याला मिळालीच नसती.

तर माझा हिशेब असा. वीस वर्षांच्या आतला असेल तर एक सीझन बेंच ठीक, दुसऱ्या सीझनला लोन मागा किंवा क्लब बदला, भले एक पायरी खाली जावं लागलं तरी. पंचविशीच्या पुढचा असेल आणि वरच्या क्लबमध्ये दुसरा किपर असेल तर थांबण्यात अर्थ आहे, कारण पगार चालू असतो आणि पहिल्याचं वय झालेलं असतं. तिसरा किपर म्हणून मात्र सलग दोन वर्षं कोणत्याही वयात थांबू नये, क्लबवाले कितीही गोड बोलले तरी.

आपल्या जत्रेच्या नाटकात एकजण असतो ना, अख्खं नाटक पाठ, सगळ्यांच्या तालमींना हजर, पण नाव पोस्टरवर नाही, आणि ऐन रात्री कोणाचा घसा बसला की त्यालाच तोंडाला रंग लावून उभा करतात, दुसरा किपर तसा असतो. त्या रात्री तो अडखळला तर परत कोणी विचारत नाही. म्हणून बेंचवरच्या किपरची प्रॅक्टिस पहिल्या किपरपेक्षा कडक पाहिजे, आणि मॅच चालू असताना मोबाइल नाही, समोरच्यांचे कॉर्नर कोण मारतं, डाव्या पायाने की उजव्या, पेनल्टी कोण घेतो हे बघत बसायचं.

एक मोठी चूक झाली, गोल खाल्ला, सगळे हसले. आता?

लक्ष्मीकांत कट्टीमणीचं उदाहरण मी प्रत्येक बॅचला सांगतो. २० डिसेंबर २०१५, फातोर्डा, आयएसएलची फायनल, एफसी गोवा २-१ ने पुढे, आणि नव्वदाव्या मिनिटाला कट्टीमणीच्याच नावावर स्वयंगोल लागला. मग लगेच चेन्नईयनचा तिसरा. घरच्या मैदानावर, हातातली ट्रॉफी गेली. गोव्यात त्या रात्री काय बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

२० मार्च २०२२, तेच मैदान, परत फायनल, आता तो हैदराबादला. केरळ ब्लास्टर्ससोबत १-१, पेनल्टी शूटआउट, आणि या माणसाने तीन पेनल्टी अडवल्या. हैदराबाद चॅम्पियन. मधली सहा वर्षं तो खेळत राहिला, बाकी गुपित काही नाही.

पोराला घरी आल्यावर लगेच गोलबद्दल विचारू नका. जेवू द्या, झोपू द्या. दुसऱ्या दिवशी कोचसोबत तो व्हिडिओ बघू दे, बहुतेक वेळा खरी चूक गोलच्या आधी तीन सेकंद झालेली असते, पाय चुकीच्या जागी, बस. फेसबुकवरच्या कमेंट वाचायच्या नाहीत हा नियम घरातल्या मोठ्यांनासुद्धा लागू, खास करून बाबांना, जे तिथे भांडायला जातात.

पैसे किती मिळतात?

क्लबप्रमाणे इतका फरक आहे की एक आकडा सांगून कोणालाही फसवल्यासारखं होईल. गोवा प्रोफेशनल लीगच्या बऱ्याच क्लबमध्ये जे मिळतं त्यावर घर चालत नाही, नोकरी किंवा धंदा सोबत लागतो. आय-लीगला सीझनभर जगता येतं. आयएसएलमध्ये पहिल्या नंबरचा भारतीय किपर चांगलं कमावतो. परदेशी प्लेअरच्या जागा मर्यादित असतात आणि त्या क्लब सहसा स्ट्रायकर-मिडफिल्डवर खर्च करतात, त्यामुळे पोस्टमध्ये बहुतेक भारतीयच उभा असतो, हा आपल्या किपरांचा मोठा फायदा.

पण हा पैसा सरळ रेषेत येत नाही. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तिन्ही क्लब एकदम आय-लीगमधून बाहेर पडले, म्हणजे एका झटक्यात गोव्यातल्या किती किपरांच्या वरच्या लेव्हलच्या जागा गेल्या मोजा. २०२५ च्या जुलैत आयएसएलचा पुढचा सीझनच होल्डवर गेला आणि काही क्लबांनी पगार थांबवले. म्हणून चांगल्या वर्षात बुलेट घेऊ नका, सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. मला माहितीये कोणी ऐकत नाही.

कॉन्ट्रॅक्टमध्ये काय बघायचं?

पगाराचा आकडा सगळे बघतात. त्याच्या खालचं बघा.

किती महिन्यांचा आहे, बाराचा की सीझनपुरता, कारण आठ महिन्यांचा जास्त पगार आणि बारा महिन्यांचा थोडा कमी यात दुसराच फायद्याचा असू शकतो. दुखापत झाली तर ऑपरेशनचा आणि नंतरच्या फिजिओचा खर्च कोण करणार, हे लेखी पाहिजे, "आम्ही बघू" हे लेखी नव्हे. क्लबला मध्येच काढता येतं का आणि काढलं तर काय देणार. एक्स्टेंशनचा पर्याय फक्त क्लबच्या हातात आहे का. घर, जेवण, मॅच बोनस, क्लीन शीट (एकही गोल न खाल्लेली मॅच) बोनस. बोनस बेंचवरच्यांना पण आहे का हे किपरने जरूर विचारावं, बाकीचे नाही विचारले तरी चालेल.

अठरा वर्षांखालच्या पोराचा प्रोफेशनल कॉन्ट्रॅक्ट तीन वर्षांपेक्षा जास्त करता येत नाही, फिफाचा नियम आहे, पाच वर्षांचा कागद पुढे केला तर पेन खाली ठेवा. दोन महिन्यांचे पगार थकले तर लेखी नोटीस देऊन पंधरा दिवस थांबायचं, तरी दिले नाहीत तर योग्य कारणाने करार सोडता येतो. हे सगळं फोनवर नाही, मेलवर. भारतात प्लेअर्सची संघटना आहे, एफपीएआय, अडचणीत त्यांना विचारता येतं.

एजंट असेल तर फिफाचं लायसन्स आहे का बघा, त्याची परीक्षा असते आणि यादी फिफाच्या साइटवर सापडते. प्लेअरसोबतचा त्याचा करार दोन वर्षांच्या वर जात नाही. ट्रायल लावून देतो म्हणून आधी पैसे मागणारा माणूस एजंट नव्हे, त्याला चहा पाजून निरोप द्या.

गावच्या टूर्नामेंटला पैसे घेऊन खेळलं तर काय बिघडतं?

हातात रोख मिळते, गर्दी असते, रात्री लाइटखाली टायब्रेकर अडवला की लोक खांद्यावर घेतात. मजा आहेच, मी नाही म्हणणार नाही. पण क्लबचा कॉन्ट्रॅक्ट असेल तर बहुतेक त्यात परवानगीशिवाय बाहेर खेळायची बंदी असते, आणि तिथे ढोपर फुटलं तर क्लब एक रुपया देणार नाही आणि टूर्नामेंटवाले फोन उचलणार नाहीत. कडक तांबड्या मातीवर डाइव्ह मारायची म्हणजे कंबरेची एक बाजू सोलून निघते. कॉन्ट्रॅक्ट नसेल, वय अठरा-एकोणीस असेल, तर खेळू दे, प्रेशरची सवय होते. कॉन्ट्रॅक्ट असेल तर लेखी परवानगी, नाहीतर घरी.

पोर्तुगीज पासपोर्ट केला तर फुटबॉलवर काय परिणाम?

हा प्रश्न फक्त गोव्यातच येतो! १९ डिसेंबर १९६१ च्या आधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालची नागरिकता घेता येते म्हणून अर्धी घरं त्या कागदांच्या मागे असतात. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, दुसऱ्या देशाचं घेतलं की इथलं संपतं. मग भारताच्या टीमचा दरवाजा बंद, आणि इथल्या लीगमध्ये तुम्ही परदेशी प्लेअर म्हणून मोजले जाता. वर सांगितलं तसं परदेशी जागा किपरवर कोण घालवतो? म्हणजे किपरने पासपोर्ट बदलला तर भारतातलं करियर जवळजवळ संपलं असं समजा.

तिकडे जाऊन खेळेन म्हणाल तर जरूर, पण युरोपात त्या वयाचे किपर ढीगभर आहेत. गुरप्रीत नॉर्वेला स्टाबेकमध्ये गेला, युरोपा लीगच्या पात्रता फेरीत खेळला, तोही भारतीय पासपोर्टवरच. अठराच्या आत परदेशी क्लबला ट्रान्सफर फिफा सहसा होऊच देत नाही, तेव्हा घाई करून उपयोग नाही. निर्णय घरचा आहे, फक्त फुटबॉलच्या आशेने घेऊ नका.

शिक्षणाचं काय? बारावी सोडावी का?

नाही. किपर उशिरा पिकतो, त्याची खरी वर्षं पंचविशीनंतर येतात, मग अठराव्या वर्षी कॉलेज सोडून नेमकं काय करणार? बेंचवर बसायला डिग्री आड येत नाही. शिवाय रेल्वे, पोलीस, सैन्य, बँका यांच्या स्पोर्ट्स कोट्यातून नोकऱ्या लागतात, त्यांना पासची सर्टिफिकेट लागतात आणि राज्याच्या टीमकडून खेळल्याची पण. संतोष ट्रॉफीचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून ठेवा, जुन्या पोरांनी त्याच्यावर घरं बांधलीत.

दुखापती कोणत्या होतात?

बोटं. सगळ्या किपरांची बोटं वाकडी असतात, हात मिळवला की कळतं. बोटाचं टोक खाली पडलं आणि सरळ होत नाही तर ते "लचकलंय" म्हणून हळद लावून सोडू नका, आठवड्याच्या आत स्प्लिंट लावली तर बरं होतं, उशीर झाला तर कायम तसंच राहू शकतं. मग खांदा, गुडघ्याचं लिगामेंट, कंबर.

डोक्याचं मात्र हलक्यात घेऊ नका. २००६ मध्ये पीटर चेकच्या कवटीला फ्रॅक्चर झालं, पुढे निवृत्तीपर्यंत तो हेल्मेट घालून खेळला. डोक्याला मार बसून पोरगा दोन सेकंद जरी गोंधळलेला दिसला तर मॅच संपली त्याच्यासाठी, "खेळतो सर मी" म्हणाला तरी. उलटी, झोप येणं, दिसायला डबल, की सरळ बांबोळीला जीएमसी हॉस्पिटलात.

ग्लव्हज कुठले घ्यावे?

शिकणाऱ्या पोराला महागडे नकोत, ते महिन्यात फाटतात. प्रॅक्टिसला एक जोडी, मॅचला एक. खेळायच्या आधी तळवा ओला करायचा, कोरडं लेटेक्स पकडत नाही. नंतर कोमट पाण्याने धुवून सावलीत सुकवायचे, उन्हात टाकले की तडे जातात आणि आपल्या पावसाळ्यात बॅगेत कोंबून ठेवले तर बुरशी आणि असा वास की आई बॅग घरात घेत नाही. बस एवढंच.

हल्ली किपरला पायाने पण खेळावं लागतं म्हणतात, आणि तो आठ सेकंदाचा नियम काय?

१९९२ मध्ये बॅकपास (आपल्याच प्लेअरने पायाने मागे दिलेला बॉल) हाताने उचलायला बंदी आली तेव्हापासून पाय लागतातच, आणि २०१९ पासून गोलकिकचा बॉल आपल्या डिफेंडरला बॉक्सच्या आतसुद्धा घेता येतो म्हणून सगळ्या टीमा मागून खेळतात. दोन्ही पायांनी तीस मीटरचा पास नीट जात नसेल तर आजच्या ट्रायलमध्ये पहिल्या अर्ध्या तासात कळतं.

आठ सेकंदाचा नियम २०२५ च्या मधोमध आला. बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर समोरच्यांना कॉर्नर. रेफ्री शेवटचे पाच सेकंद हात वर करून मोजून दाखवतो. आधी सहा सेकंद होते आणि इनडायरेक्ट फ्री किक, पण कुठलाच रेफ्री ती द्यायचा नाही. आता देतात. आघाडी असताना बॉल पोटाशी धरून जमिनीवर लोळायची जुनी गोवन कला बंद झाली, थोडं वाईट वाटतं.

पेनल्टीला किक होईपर्यंत एक पाय लाइनवर पाहिजे, हे प्रॅक्टिसलाच सवयीचं करा.

मुलींसाठी संधी आहे का?

आहे, आणि स्पर्धा कमी असल्यामुळे चांगली मुलगी लवकर वर जाते. अदिती चौहान २०१५ मध्ये इंग्लंडमध्ये वेस्ट हॅमच्या महिला टीमला खेळली. गोव्यात महिला लीग आहे, इथले क्लब राष्ट्रीय महिला लीगपर्यंत गेलेत. अडचण पैशांची, मुलांच्या मानाने खूपच कमी, तेव्हा नोकरीचा विचार जास्त आधी करावा लागतो. आणि ग्राउंडवर चेंजिंग रूम आहे का हे आधी बघून घ्या, मोठी मोठी नावं असलेल्या ठिकाणी पण नसते.

किती वर्षं खेळता येतं, आणि नंतर काय?

दिनो झॉफ चाळिसाव्या वर्षी इटलीचा कॅप्टन म्हणून १९८२ चा वर्ल्ड कप जिंकला. इजिप्तचा एल हदारी २०१८ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी वर्ल्ड कपची मॅच खेळला आणि पेनल्टी पण अडवली. आपल्याकडे पस्तिशीपर्यंत धरून चला, शरीर सांभाळलं तर पुढे.

नंतर कोचिंग. एआयएफएफचा डी लायसन्स, मग एएफसीचे सी, बी, ए, आणि किपर कोचसाठी वेगळे कोर्स आहेत. खेळत असतानाच डी करून टाका. चांगल्या किपर कोचची गोव्यात अजून कमतरता आहे, शाळा शोधत असतात.

जेवणात काय द्यावं?

हुमण-भात चालतो. मासे, अंडी, कडधान्य, सकाळी दहाची पेज सुद्धा चालते. मॅचच्या आधी तीन तास जड काही नको, पाणी भरपूर. दुकानातली पावडर कोचला विचारल्याशिवाय नको, डोपिंगमध्ये नाव आलं तर "मला माहीत नव्हतं" चालत नाही.

ट्रायलला जाताना काय न्यायचं?

जन्मदाखला, आणि तो जन्मल्यावर वर्षाच्या आत नोंदवलेला असला तर उत्तम, कारण उशिरा काढलेल्या दाखल्यांवर शंका घेतात आणि मनगटाचा एक्स-रे काढून वय तपासतात, तेव्हा वय लपवायच्या भानगडीत पडूच नका. आधार, फोटो, मेडिकल सर्टिफिकेट, एआयएफएफचा आयडी नंबर. ग्लव्हजच्या दोन जोड्या, स्टडवाले आणि टर्फचे दोन्ही बूट, लांब बाह्यांची जर्सी, पाणी. अर्धा तास आधी पोचून आपला वॉर्मअप आपणच करायचा, कारण पंचवीस किपर आलेले असतात आणि प्रत्येकाला दहा मिनिटं पण मिळत नाहीत. पहिल्याच बॉलपासून डिफेंडरना ओरडून सांगायचं, मराठी, कोकणी, हिंदी काहीही चालेल, गप्प किपर कोणी घेत नाही. पालकांनी कंपाउंडच्या बाहेर थांबायचं.